नांदरुकाचे शेंडे कुणी खुडायचे

साखरशेत, ता. जव्हार
५ मे २००३

हर्षदा,

आशीर्वाद खाली लिहीन, आधी कामाचं. तुझं झाड मेलेलं नाही.

तू पिशवी उचलून मोखाड्याकडच्या पोशेऱ्याला आईकडं निघून गेलीस तेव्हा ते पडवीत ठोंबासारखं उभं होतं, हे खरं. एक पान ठेवलं नव्हतं मी त्याला. पण आज पाणी टाकायला गेले (हो, मीच टाकते, तुझ्या नवऱ्याला सुचत नाही) तर खोडावर जागोजागी हिरवे-लाल टोचे दिसले. पोरांच्या गालावर पुटकुळ्या येतात ना, तसे.

मी छाटलं ते छाटलं. त्यात लपवायचं काय? राबाचे दिवस होते. भाताचं बी टाकायची जागा भाजायला सगळा पाडा ऐनावर चढून फांद्या उतरवत होता. माझ्या हातात कोयता, डोक्यावर ऐनाचा भारा, आणि पडवीत तुझं ते ताटलीत खुजं वाढवलेलं नांदरूक, वडाच्या जातीचं. बुंधा अंगठ्याएवढा आणि वर नुसत्या लांबलचक काड्या. ऐनाला आपण दर साल असंच बोडकं करतो आणि पावसात तो पुन्हा भरतो. म्हटलं, हातासरशी ह्यालाही करून टाकावं. काड्या भाऱ्यात गेल्या, राबावर जळल्या. वाया काही गेलं नाही.

तू त्या झाडाला जव्हारच्या जुन्या विहिरीच्या दगडांतून उपटून आणलंस, तार गुंडाळलीस, न्हाऊ घातलंस, सगळं मला माहीत आहे. तरी पण एका झाडावरून कोणी घर सोडतं का? पाड्यात विचारतात, सून कुठं गेली? मी सांगते, आईला बरं नाही. तेव्हा बायडी विहिणीला सांग, कोणी विचारलं तर दोन दिवस आजारी पड.

आता ह्या टोच्यांचं काय करायचं ते कळव. मला ऐन कळतो, ताटलीतलं झाड कळत नाही. नाशिकहून शिबिराला आलेल्या बाईनं तुला शिकवलं, मला नाही. लवकर लिही. मला वाट बघायला जमत नाही हे तुला माहीत आहे.

मी तिसरीपर्यंत गेलेली बाई. साक्षरतेच्या वर्गात अक्षरं पुन्हा गिरवली ती आता उपयोगाला आली. चुका काढत बसू नको.

आशीर्वाद आहे.
सासू येसू

*

२१ मे २००३

हर्षदा,

तुझं कार्ड मिळालं. वर नाव नाही, खाली नाव नाही, मधे दोन ओळी. "कोंबांना हात लावू नका. पाच-सहा पानं येऊ द्या, मग मागची दोन ठेवून पुढचा शेंडा नखानं खुडा. कोयता नको."

कोयता नको हे लिहायची गरज होती का? आणि कार्डावर लिहायची? पाकीट मिळत नाही का पोशेऱ्यात? पोस्टमननं वाचलं, त्यानं वाटेत वाचून दाखवलं, आणि आता पाण्यावर गेलं की बाया विचारतात, "येसूबाई, किती पानं आली?" परवा तर पोस्टमन नुसताच आला. पत्र नाही, काही नाही. सायकल कुडाला लावून पडवीत वाकून बघून गेला. म्हणाला, "तीनच आहेत अजून, थांबा."

तीनच आहेत. मी रोज बघते. सकाळी बघते, भाकरी झाल्यावर बघते. पान काही माझ्याकडं बघून उलगडत नाही. तुझा सासरा म्हणतो, "अगं, भाताला तू अशी बघत बसतेस का?" भाताला बघायला लागत नाही, भात आपलं आपण येतं. ह्याच्याकडं बघून मला हाताला खाज सुटते. एकदा नख लावलंच होतं. मग कार्ड आठवलं आणि हात पदरात गुंडाळला.

नीलेश आश्रमशाळेतून येतो, चहा पितो, तिथंच बसतो. मी म्हटलं, "जा की तिला आणायला." तर म्हणतो, "झाडाची पानं येऊ देत." हे काय उत्तर झालं? त्याला मी जन्म दिला आणि तो कार्डाच्या भाषेत बोलतो.

येसू

*

१८ जून २००३

हर्षदा,

खुडलं! पाच पानं झाली तशी लगेच खुडलं. मागची दोन ठेवली, पुढचं नखानं टक् करून. पांढरा चीक आला, बोटाला चिकटला, दिवसभर निघाला नाही. चुलीतली राख लावली त्या जागी, तुझ्या कार्डात नव्हतं पण ऐनालाही माती लावतात म्हणून लावली. चुकलं असेल तर सांग.

खरं सांगते, खुडायला मला लई गोड वाटलं. एक झालं, दुसरं झालं, मग थांबताच येईना. झाडाचे सगळे झाले तेव्हा परसातल्या मिरचीकडं गेले. तिचेही खुडले. मग वांग्याचे. तुझा सासरा सोम्या शेतावरून आला आणि म्हणाला, "ह्या वर्षी आपण जेवायचं काय, शेंडे?" मी म्हटलं, मिरची भरून येईल बघ. तो बघतोय.

आणि मग तुझं दुसरं कार्ड आलं. "खालच्या फांद्या खुडू नका. त्या जाड व्हायला हव्यात, त्यांना मोकळं सोडा. जोर वरचीच करते म्हणून वरचीच खुडायची. ताटली फिरवत जा, नाहीतर एका अंगानंच वाढेल."

हे आधी लिहायचं होतं ना! मी वरच्या-खालच्या सगळ्या खुडून बसले. तुझं कार्ड मोखाड्याहून जव्हारला यायला एवढा वेळ घेतं, तेवढ्यात माणूस चालत येईल. चालत यायचं मी तुला म्हणत नाही. नुसतं सांगते.

खालच्या दोन फांद्यांना पुन्हा कोंब धरलाय. त्यांना आता मी बघतसुद्धा नाही. तोंड फिरवून पाणी घालते.

पाऊस धरलाय. भाताच्या रोपांची आवणं चांगली उगवली आहेत.

येसू

*

२७ जुलै २००३

हर्षदा,

लावणी उरकली. कंबर अजून लावणीतच आहे.

झाड बरं आहे. वरच्या बाजूला एकाच्या जागी दोन-दोन फुटल्यात, ताटली फिरवते, पाणी साचू देत नाही. डावीकडची खालची फांदी थोडी आखूड झाली आहे. कशी झाली ते विचारू नको. पावसात होतं असं.

आता दुसरं. नीलेशच्या निळ्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं. मी लावणीत होते, मला वेळ नव्हता, मी बघून ठेवलं होतं की नंतर लावीन. परवा बघते तर बटण लागलेलं, हिरव्या दोऱ्यानं. आपल्या घरात हिरवा दोरा नाही. काळा आहे, पांढरा आहे, एक लाल आहे तो तुझाच. मी त्याला विचारलं, "रविवारी कुठं जातोस रे?" म्हणाला, "सोसायटीची मीटिंग असते." मी म्हटलं, "मीटिंगमध्ये जेवायला देतात वाटतं, घरी येऊन पेजेला हात लावत नाहीस." तर म्हणाला, "देतात कधी कधी." आणि लाल झाला. एवढा मोठा बाप्या, खोटं बोलायला आईकडून शिकला नाही, हे माझं नशीब.

मी त्याला काही बोलले नाही. सोम्याला सांगितलं तर तो हसतच सुटला. म्हणे, "मला होळीनंतरच्या बोहाड्यात सोंग घ्यायला लावलं असतं तर इतकं चांगलं जमलं नसतं."

पण मग मी विचार केला. म्हणजे तुझं नवऱ्याशी भांडण नाही. बटण लावतेस, जेवायला घालतेस. झाडाचं म्हणशील तर झाड जिवंत आहे आणि तुझ्या कार्डानं चाललंय. मग भांडण आहे कुणाशी? उरले मी.

काय ते एकदा सरळ लिही. कार्डावर नको. पाकिटात घाल आणि चिकटव. मी कुणाच्या पाठीमागून बोलणारी बाई नाही, तू पण समोरून बोल.

येसू

*

३० ऑगस्ट २००३

हर्षदा,

पाकीट मिळालं. पोस्टमन बिचारा हिरमुसला.

उद्या गणपती. पाड्यात गडबड आहे आणि मी पडवीत बसून हे लिहिते. तुझं पत्र तीनदा वाचलं. तुझंच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे तुला कळेल मी नीट वाचलं.

"आई, मी झाडावरून आले नाही. झाड छाटलंत त्या सकाळी मी तुम्हाला सांगत होते की नाशिकला डिसेंबरात झाडांचं प्रदर्शन आहे, शिबिराच्या बाईंनी मला बोलावलं आहे, आणि... एवढ्यात तुम्ही म्हणालात, आधी राब, मग नाशिक. 'आणि'च्या पुढं काय होतं ते तुम्हाला अजून माहीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घरात माझं एकही बोलणं शेवटापर्यंत गेलेलं नाही. तुम्ही वाईट नाही. तुम्हाला घाई असते. पण मी त्या घाईत राहू शकत नाही. पत्रात तुम्ही मला मधे थांबवू शकत नाही, म्हणून हे तरी पुरं झालं."

वर 'आई' लिहिलंस ते बघितलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्ध्यावरच कागद चुलीत घालणार होते. म्हटलं, मी बोलू देत नाही? ह्या घरात बोलतं कोण माझ्याशिवाय, सगळे तर मुके! मग सोम्याला हाक मारली. म्हटलं, "काय हो, मी तुम्हाला बोलू देत नाही असं कधी..." तो म्हणाला, "तसं नाही, पण..." मी म्हटलं, "पण काय? बोला ना सरळ!" त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मी अर्ध्यात बोलायला शिकलो, येसू. म्हणून टिकलो."

मला एवढा राग आला की मी परसात जाऊन मिरचीचं तण काढलं. मिरची भरली आहे, तुला सांगायचं राहिलं. दाट झाली आहे.

राग उतरल्यावर परत आले. म्हटलं, बसा. आज तुम्ही बोला, मी ऐकते. सोम्याला घाम फुटला. मी पदर दातात धरला. त्यानं सुरुवात केली नांगरापासून. नांगरावरून बैलावर, बैलावरून त्याच्या मेलेल्या आत्यावर, आत्यावरून पोशेऱ्याच्या कुठल्या तरी लग्नावर. तीनदा माझ्या तोंडात आलं, "मुद्द्यावर या." तीनदा गिळलं. शेवटी त्याला जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्याला करांदे आवडत नाहीत.

अगं, लग्नापासून दर साली मी त्याला करांदे उकडून घालते! जंगलातून कंद शोधून आणते, राख घालून कडूपणा काढते, एवढे कष्ट करते. मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीत?" त्यानं तुझ्या पाकिटाकडं बोट दाखवलं.

ह्यावर मी काय लिहू? तू लिहिलंस ते खरं आहे की नाही ते मी सांगत नाही. सोम्यासाठी आज वालाची भाजी केली आहे, एवढं सांगते.

'आणि'च्या पुढं काय होतं ते लिही.

येसू

*

१२ ऑक्टोबर २००३

हर्षदा,

तुझ्या पत्रात सगळं आहे. दसऱ्याला जव्हारला गर्दी किती होती ते विचारलंस, झाडाला निंबोळी पेंड किती घालायची ते लिहिलंस, बायडी विहिणीच्या गुडघ्याचं लिहिलंस. 'आणि'चं लिहिलं नाहीस. लिहिलंस, ते समोर सांगीन. बरं.

आता फांदीचं. नीलेशनं तुला सांगितलंच असेल, मीटिंगमध्ये. आपल्या शेळीनं खाल्ली ती. मी दोरी सैल बांधली होती. मी धावले तोपर्यंत तिनं एक फांदी उडवली होती आणि दुसरीकडं मान वळवली होती. मी सोम्याला सांगून ठेवलं होतं, शेळीचं नाव काढायचं नाही. मग तुझं हे पत्र, "आखूड झालेल्या फांदीला आता नवीन तीन फुटवे आलेत का? शेळीनं खाल्लेल्या झाडाला येतात." म्हणजे तुला माहीत होतं! इतके दिवस माहीत होतं आणि एक शब्द नाही! तू पण कमी नाहीस.

फुटवे चार आहेत. एक मी काढला, तो आतल्या बाजूला तोंड करून होता.

आता झाड कसं दिसतं सांगते. लावणीत वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं ना, वरून गोल आणि खाली उतरतं, तसं झालंय. पानं बारीक झाली. मधून बघितलं तर उजेड दिसतो, पण बाहेरून भरलेलं. सोम्या रोज शेतावर जाताना त्याच्यापाशी थांबतो. ऐनाला पाऊस भरतो, ह्याला नखानं भरावं लागतं, आणि नखाला पण सांगावं लागतं थांब म्हणून. ते लई अवघड आहे.

तू लिहिलंस, असा बोडका छाट घ्यायचा असतो तो दोन वर्षांतून एकदा, पावसाच्या तोंडावर, आणि नांदरूक होतं म्हणून वाचलं, दुसरं कुठलं असतं तर गेलं असतं. वाचलं ना. मग झालं.

प्रदर्शनाला न्यायचं म्हणतेस तर मी स्वतः घेऊन येते पोशेऱ्याला. नीलेशच्या हातात देणार नाही, तो गाडीत खिडकीत बसून झोपतो. नागली कापून झाली की येते. दारात उभी राहीन. आत ये म्हणालीस तर येईन.

येसू

*

१० नोव्हेंबर २००३

हर्षदा,

पोहोचले घरी. गाडीत कंडक्टरनं विचारलं, "मावशी, येताना मांडीवर झाड होतं, जाताना रिकाम्या?" मी म्हटलं, माहेरी सोडून आले त्याला.

एक सांगायचं राहिलं. तू बोलत होतीस तेव्हा मी काहीच बोलले नाही, तुला वाटलं असेल रागावले. बायडी विहिणीलाही वाटलं, ती सारखी चहा आणत होती. अगं, माझ्या गालात हरडा होता. गाडीतून उतरतानाच तोंडात टाकला होता. हरडा तोंडात असला की माणसाला बोलता येत नाही, जीभ आंबते. सोम्यानं सुचवलं ते. त्याला आता बोलायची चटक लागली आहे.

म्हणून तुझं सगळं ऐकलं. परसात सांडपाणी जातं तिथली जागा तुला हवी, कुडानं वेढलेली, वर सावली. झाडं तिथं ठेवशील, विकशील, जव्हारच्या बाजारात बसशील. महिन्यातून दोनदा नाशिकला शिकायला जाशील. आणि तुझ्या झाडाला कुणी विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मी पण नाही. बरोबर लिहिलं ना?

तिथं माझा वालाचा मांडव आहे. हे मी तिथंच ओरडले असते, हरडा नसता तर.

आणि मग तू 'आणि'चं सांगितलंस. त्या सकाळी तू म्हणणार होतीस, "शिबिराच्या बाईंनी मला बोलावलं आहे, आणि तुम्ही पण माझ्याबरोबर चला."

हरडा गिळला मी तेव्हा. खोकला आला ना मला, तुझी आई पाठ थोपटत होती, तो त्याचा. बाकी काही नव्हतं.

हर्षदा, मी नाशिक बघितलेलं नाही. त्र्यंबकला गेले होते एकदा, पुढं नाही. कोणी मला कुठं चल म्हणत नाही, सगळ्यांना वाटतं मी गाडीत ड्रायव्हरला शिकवीन. ते बोलावणं अजून चालू आहे का तेवढं कळव. नसेल तर राहू दे, नागली मळायची आहे.

जागेचं उत्तर तू लगेच घेतलं नाहीस. म्हणालीस, "आत्ता हो म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. घरी जा आणि लिहून कळवा. तोंडी नको." हो-नाही दोन्ही माझ्या जिभेवर होतं. घेऊन आले परत.

येसू

*

२३ डिसेंबर २००३

चि. हर्षदा,

नाशिकच्या बाईंच्या पत्त्यावर टाकते आहे. तू अजून आठवडाभर तिथं शिकणार म्हणालीस म्हणून. मी आणि नीलेश सुखरूप आलो. घाटात तो झोपला, मी जागी होते, ड्रायव्हरला काही शिकवलं नाही.

सोम्याला सगळं सांगितलं. पाड्यातल्या बायांना दोनदा सांगितलं. एवढी झाडं बघितली, शंभर वर्षांचं म्हणतात एक चिंचेचं, परातीत बसलेलं. आपल्याला बक्षीस मिळालं नाही ते पण सांगितलं. पोस्टमनला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. ती जाड भिंगाची बाई आपल्या नांदरुकापाशी केवढा वेळ वाकून उभी होती, बक्षीसवाल्या झाडापाशी सुद्धा तेवढी नव्हती. तिनं विचारलं ना, "ही खालची छाटणी कुणी केली, धाडसाची आहे." तू माझ्याकडं बघितलंस. मी तोंड उघडलं होतं. मग मिटलं, म्हटलं तूच सांग. आणि तू सांगितलंस, अगदी पहिल्यापासून, राबापासून, शेळीसकट. एवढं लांबवलंस! ती बाई हसून हसून खाली बसली. मला पण हसू आलं. शेवटपर्यंत ऐकलं मी ते, माझीच फजिती, आणि लांब असली तरी चांगली सांगितलीस.

आता उत्तर. लिहून मागितलं होतंस म्हणून लिहिते.

वालाचा मांडव मी काढला. वाल ह्या वर्षीचा होऊन गेला होता, पुढच्या वर्षी कुंपणावर चढवीन. जागा चार बायका हातात हात धरून गोल उभ्या राहतील एवढी आहे. नीलेश आणि सोम्यानं कारवीचा कूड घातला, मी सारवला. वर पळसाची पानं टाकली आहेत, पावसाळ्याआधी बदलू. उन्हाची तिरीप सकाळीच येते, दुपारी नाही, तशीच लागते ना? नसेल तर सांग, पानं उचलू.

महिन्यातून दोनदा नाशिकला जा. एकदा तू एकटी जा. एकदा मी येईन, ते तुझ्या शिकण्याच्या मधे येत नसेल तर. मी बाहेर बसेन.

मी एक नांदरूक आणलं आहे, देवळामागच्या भिंतीतून. बारीक आहे, काडीच म्हण. ताटली नाही म्हणून फुटक्या मडक्यात लावलंय. त्याला चार पानं आहेत आणि पाचवं येतंय. हात लावलेला नाही. कुठून खुडायचं ते तू आल्यावर विचारीन. सांगशील तेवढा वेळ सांग.

नाशिकहून येताना गाडी मोखाड्याला थांबते. तिथं उतरू नको. उतरायचं असलं तर बायडी विहिणीला भेटायला उतर आणि पुढची गाडी पकड. तिकीट जव्हारचं काढ.

कुडाला दार केलं आहे, फळ्यांचं. कडी लावायच्या वेळी नीलेश म्हणाला, "आई, कडी बाहेरून लावतात, चोर येऊ नये म्हणून." मी म्हटलं, आपल्याकडं चोर येत नाही. आतून लाव.

तुझी,
येसू